नागद्वाराचा आठवडा

आमच्या पांढुर्ण्यात श्रावण दोनदा लागतो. शेजारच्या हिंदीभाषक घरांत गुरुपौर्णिमा सरली की सावन सुरू होतो; आमच्या देवघरात मात्र अवसेपर्यंत आषाढच नांदत असतो. नागपंचमी तेवढी दोन्ही पंचांगांना एकाच दिवशी मान्य! आणि नागपंचमी म्हणजे आम्हां जाम-कन्हानकाठच्या मंडळींना नागद्वार.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांना पचमढी ठाऊक आहे ती हवा खाण्याचे ठिकाण म्हणून. विदर्भातील आणि आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील माणूस पचमढीस जातो तो शिवरात्रीला चौरागडावर, नाहीतर भर पावसात नागद्वारी. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जाते. एरवी ती बंद असते. नागपंचमीपर्यंतचे दहाएक दिवस तेवढी उघडते. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे १३५० मीटरांचे, त्याच बाजूला. दऱ्या, निसरडे दगड, कड्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या, अशी सारी दिवसभराची चढउतार आहे.

आमच्या आईने (आम्ही तिला मायच म्हणतो) आमच्या जन्माआधी नागद्वाराला नवस बोलला होता. तो फिटून कितीतरी वर्षे झाली, तरी तिचे जाणे थांबले नाही. आता तिला शहात्तरावे लागले आहे आणि डॉक्टरांनी जिना चढण्यासही मनाई केली आहे. तरी ज्येष्ठातच तिने जाहीर करून टाकले, "यंदा मी येतो."

२०२५ साली नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी होती. म्हणजे मिळायचे ते आधीचे शनिवार-रविवार, आणि त्यापूर्वीचा आठवडा आम्हां उभयतांचा नुसत्या धावपळीचा. संत्र्याच्या बागा पाहून बागाईतदारांना सल्ला देणे हे आमचे काम. आंबिया बहाराची फळे या दिवसांत लिंबाहून थोडी मोठी होतात आणि नेमकी तेव्हाच गळू लागतात. काळ्या जमिनीत पाणी साचते, मुळे गुदमरतात, बुरशी धरते. सकाळी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला पाहून शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. चर खणा, पाणी बाहेर काढा, बुंध्याला बोर्डो मलम लावा, हे आम्ही सोमवारी मोहगावास सांगितले, बुधवारी आणखी दोन गावांत सांगितले. मंगळवार छिंदवाड्यास गेला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी आमच्या साहेबांचे टेबल छिंदवाड्यासच आहे. सिल्लेवानीचा घाट काही चुकत नाही. सौ. सौंसरच्या शाळेत शिकवितात. त्यांची रोजची बस सकाळी सातची. चिरंजीवांच्या चाचणी परीक्षा चालू होत्या, त्या वेगळ्याच.

गुरुवारी दिव्यांची अवस. समया घासून, कणकेचे गोड दिवे खाऊन झाल्यावर घरातील खरा प्रश्न निघाला. मायने न्यायचा नारळ लाल फडक्यात बांधून ठेवला होता. गुडघे मात्र संध्याकाळपासूनच सुजलेले. ती बराच वेळ फडक्याची गाठ चाचपत बसली आणि मग म्हणाली, "मी पचमढीवर बसतो. नारळ पोरगी नेईन."

आमची कन्या सोळा वर्षांची आहे. तिने स्पष्टच विचारले, "नवस आजीने बोलला, बाबांसाठी बोलला. मी का फेडू?" प्रश्न अगदी गैर नव्हता. आमच्या पिढीत तो कोणी तोंडावर विचारला नसता, एवढेच. माय रागावली नाही. "मुद्दल तुहा बाप," ती म्हणाली, "तू व्याज हायेस." कन्या हसली, पण हो म्हणाली नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. सौंसरला सौ.ना शाळेच्या फाटकातूनच गाडीत घेतले. रामाकोण्याला कन्हान दुथडी वाहत होती. घाटात मायला छोटी रेल्वे आठवली; नागपूर-छिंदवाड्याची ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली. परासिया मागे टाकून रात्री तामियाला मुक्काम केला. तेथून पाताळकोटाची दरी दिसते असे मुलांना सांगून ठेवले होते. भारियांची बारा गावे पोटात घेऊन बसलेली ती दरी सकाळी ढगांनी काठोकाठ भरलेली होती. चिरंजीवांनी तेवढ्यावरच समाधान मानले.

पचमढीला मायला ओळखीच्या एका घरी बसविले. निघताना कन्येने काही न बोलता नारळ उचलून ओढणीत बांधला.

वाटेत येणारा-जाणारा "भोले!" म्हणून हाक देतो, मग तो नागपूरचा वकील असो की काटोलचा हमाल. जागोजागी विदर्भातील सेवामंडळांची लंगरे. गरम भात-वरण आग्रहाने वाढतात आणि बोलतात ती अस्सल वऱ्हाडी-नागपुरी. मध्यप्रदेशच्या ऐन गाभ्यात चार दिवस चालणारे हे मराठी! १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा इकडेच राहिला, याचा त्या रानाला पत्ताही नसावा.

एका शिडीपाशी पावसाची मोठी सर आली. खाली धुके, पायऱ्यांवरून पाणी. चिरंजीव थबकले, सौ.नी आमच्याकडे पाहिले. परतावे, असे आमच्या ओठांवर आलेच होते. तोवर कन्या चार पायऱ्या उतरली होती. "खाली बघू नको, माझ्या हाताकडे बघ," असे भावाला सांगत तिने त्याला एकेक पायरी उतरविले. पद्मशेषापाशी रांगेत दोन तास गेले. नारळ तिनेच वाहिला.

रात्री उशिरा परतलो तेव्हा माय जागीच होती. तिने आम्हांला काहीच विचारले नाही. नातीलाच जवळ बसवून शिड्या किती, नाल्याला पाणी कुठवर, कोणते मंडळ काय वाढत होते, असा सारा हिशेब घेतला. आमच्या वेळी वेली धरून उतरायचो, हे तिने दोनदा सांगितले. बोलता बोलता कन्या तिच्याच मांडीवर झोपली.

सोमवारी पुन्हा मोहगाव. चर खणले होते, गळ थोडी थांबली होती; आमचे पाय मात्र बांधावरून उतरेनात. घरी आलो तर कन्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेला सोडून मोबाईलवर पुढच्या वर्षीची तिथी काढून बसलेली. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने नागपंचमी थेट १७ ऑगस्टला, सोमवारी. "शनिवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी, मग रविवार, मग सोमवार," तिने बोटे मोजली. "तीन दिवस मिळतात, आजी."

"तवर माहे गुडघे बरे होतीन," माय म्हणाली, आणि तेलाची वाटी मागितली.