किती अंश, आणि किती वेळात

चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवला, द्रावण एक किलो झालं, तापमान किती वाढेल? अकरावीच्या मुलांना हे गणित मी हमखास घालतो. चाळीस ग्रॅम म्हणजे एक मोल. विरघळताना सुमारे 44.5 किलोज्यूल उष्णता सुटते. द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकीच, 4.18 धरली, की उत्तर साडेदहा अंशांच्या आसपास. घोळ होतो तो ज्यूल-किलोज्यूलचा. पाणी दहा हजार अंशांनी तापलं तरी पोरं उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी!

माझा क्लास डोंबिवली पूर्वेला. 23 मे 2024 रोजी एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये स्फोट झाला, त्यानंतरच्या बॅचमध्ये हे गणित चालू असताना एकाने विचारलं, “सर, चाळीस किलो घेतला तर?” याच एमआयडीसीत 2016च्या मे महिन्यात स्फोट झाला होता, तेव्हा ही मुलं तिसरीत असतील. मी म्हटलं, पाणीही हजारपट घे, वाढ तेवढीच, साडेदहा अंश. त्याचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुस्तकातलं गणित उष्णता किती सुटली ते विचारतं. ती बाहेर कशी पडणार, हे विचारत नाही. वाटीतलं वरण लगेच निवतं, पातेल्यातलं तासभर चटका देतं. टाकी लांबी-रुंदी-उंचीने दसपट केली तर माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच. त्यात अनेक अभिक्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे तीस अंश चढले की उष्णता आठपट वेगाने सुटू लागते, आणि टाकीभोवतीच्या थंड करणाऱ्या जॅकेटला ती गती गाठता येत नाही.

त्या मुलाचे वडील एका कारखान्यात ऑपरेटर. पुढच्या तासाला तो त्यांच्याकडून ऐकून आला: अभिक्रियेतला दुसरा माल टाकीत एकदम ओतायचा नसतो, तासन् तास हळूहळू सोडायचा, आणि ब्राइन, म्हणजे जॅकेटमधून फिरणारं गार खारं पाणी, बंद पडलं तर आधी माल सोडणं थांबवायचं.

मग फळ्यावर तेच चाळीस किलो पुन्हा मांडले. उष्णता 44,500 किलोज्यूल. सगळा सोडा एका मिनिटात विरघळला तर सुमारे 740 किलोवॅट. चार तासांत सोडला तर जेमतेम तीन.