गहाळ

निवासी शाळेत मुलांचा सांभाळ ज्या प्रौढ व्यक्तीवर सोपवलेला असतो, तिला महाराष्ट्रात एकच एक नाव नाही. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात ती ‘गृहपाल’ असते, आश्रमशाळेत ‘अधीक्षक’, खासगी संस्थांत ‘रेक्टर’ आणि नवोदय विद्यालयांत ‘हाऊस मास्टर’. पदनाम कोणतेही असले तरी पहाटे मुलांना उठवण्यापासून रात्रीची हजेरी घेऊन दिवे मालवेपर्यंतचा दिनक्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. या परंपरेचा इतिहास परिचित आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात 1901पासून बोर्डिंगे उभी राहत गेली, भाऊराव पाटलांनी 1924मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले आणि तेथील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. ते मंगळसूत्र कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकावे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. प्रस्तुत लेखकाला मात्र तसा प्रश्न दोन चादरींच्या बाबतीत पडला आणि निवृत्तीनंतरही तो मिटलेला नाही.

लेखक गृहपाल असलेल्या वसतिगृहात एका वर्षी सहावीत दाखल झालेला एक मुलगा रात्री अंथरूण ओले करीत असे. आयुर्वेदात या तक्रारीला शय्यामूत्र म्हणतात. ती घर सुटल्याच्या ताणातून उद्भवू शकते, तशी बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा क्वचित मधुमेह यांमुळेही होऊ शकते, आणि मुलाच्या आळसाशी तिचा काही संबंध नसतो. पहिल्याच आठवड्यात त्या मुलाने इतर उठण्याआधी दोन ओल्या चादरी मागच्या नाल्यात टाकून दिल्या. पावसाच्या पाण्याने त्या वाहून गेल्या. हे कळले फक्त लेखकाला आणि मुले ज्यांना ‘मामा’ म्हणत त्या कामाठ्याला. त्यानंतर रोज रात्री एकच्या सुमारास दोघांपैकी एक जण पत्र्याच्या पेट्यांच्या रांगेतून विजेरी जमिनीकडे धरून जाई, मुलाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावी आणि मुलगा अर्धवट झोपेतच न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येई. सकाळी त्याला यातले काही आठवत नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर या फेऱ्यांची गरज उरली नाही.

मार्चअखेर पडताळणी झाली. टिकाऊ सामानाची नोंद ज्या वहीत ठेवतात तिला ‘जडसंग्रह नोंदवही’ म्हणतात, आणि निकामी वस्तू तिच्यातून रीतसर कमी करण्याला ‘निर्लेखन’. निर्लेखनासाठी वस्तू समोर असावी लागते. फाटकी, जळकी, उंदरांनी कुरतडलेली चालते, पण असावी लागते. नाल्यातून वाहून गेलेल्या चादरीचे निर्लेखन होत नाही. लेखकाकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. खरे कारण लिहिले असते तर ते मुलाच्या नावासह आवक-जावक वहीतून, लिपिकाच्या टेबलावरून, शिक्षकांच्या खोलीतून फिरत संध्याकाळपर्यंत जेवणाच्या पंगतीत पोहोचले असते. म्हणून खुलाशात एकच शब्द लिहिला गेला: गहाळ. त्यावर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा आला, चादरींची किंमत वेतनातून वसूल झाली आणि पुढच्या पडताळणीत तपासनिसांनी तो शेरा सर्वांसमोर वाचून दाखवला. रक्कम क्षुल्लक होती. त्याच पडताळणीत रात्री एकच्या फेऱ्यांविषयी विचारणा झाली नाही, कारण त्यांच्यासाठी कोणत्याही वहीत रकाना नव्हता. मुलांची संख्या जुळत होती, ताटांची जुळत होती, चादरींची तेवढी जुळत नव्हती.

तपासनिसांची बाजूही मांडली पाहिजे. वसतिगृहांतून चादरी, सतरंज्या आणि डाळीची पोतीही खरोखर पाय फुटून जातात, आणि प्रत्येक गृहपालाच्या ‘गहाळ’वर विश्वास ठेवला तर थंडीत मुलांनाच कुडकुडावे लागेल. लेखकाची गुप्तताही निर्दोष नव्हती. बाब झाकून ठेवण्याच्या भरात मुलाला डॉक्टरांकडे नेण्याचे राहिले आणि पालकांनाही कळवले गेले नाही. कारण शारीरिक असते तर ती झाकपाक महागात पडली असती. नव्याने गृहपाल होणाऱ्यांनी मुलाची लाज राखावी, पण वैद्यकीय तपासणी टाळू नये. साठ्याबाहेरच्या दोन-चार चादरी स्वतःच्या कपाटात ठेवाव्यात. आणि रात्रीच्या कामात कामाठ्याला बरोबरीचा मानावे, कारण त्या वर्षी अधिक फेऱ्या त्यानेच मारल्या होत्या.

त्या रात्री मुलाच्या स्मरणात राहिल्या नाहीत हेच कामाचे यश, असे लेखक बरीच वर्षे मानत आला. पुढे तो मुलगा, आता दोन मुलांचा बाप, एका लग्नात भेटला. वाकून नमस्कार करून त्याने पत्नीला ओळख करून दिली: “हे आमचे गृहपाल सर. फार कडक होते. हजेरीला उशीर झाला की ग्राउंडला चकरा मारायला लावायचे.” ओळखीत खोटे काही नव्हते. तरीही जेवणाच्या पानावर बसल्यावर लेखकाला पहिला घास गोड लागला नाही, आणि त्याचे कारण कोणत्या खुलाशात लिहावे हे त्याला आजतागायत सुचलेले नाही.