देह राखण्याचें मोल

विज्ञान पुढेंमागें सजीव करील या आशेनें मृत देह द्रवरूप नायट्रोजनमध्यें उणे १९६ अंशांवर ठेवण्याची सोय अमेरिकेंत आहे. १९६७ सालीं ठेवलेला जेम्स बेडफर्ड यांचा देह अद्याप तसाच आहे. मिशिगनमधील संस्था यासाठीं किमान २८,००० डॉलर घेते, ॲरिझोनातील दोन लाखांहून अधिक. पुष्कळ सभासद ही रक्कम आयुष्याच्या विम्यांतून भरतात, हें ऐकून आम्ही चपापलों. विम्याचा पैसा तर मागें राहणारांचा! साकोलीस आमच्या घरीं त्यावर नातींचें शिक्षण अवलंबून आहे.

नानाजी देशमुख २०१० सालीं वारले, तेव्हां त्यांच्या इच्छेनुसार देह दिल्लीच्या एम्सला अभ्यासासाठीं देण्यांत आला. दधीचि ऋषींची ही वाट आम्हांस रुचली व देहदानाचा अर्ज आणविला. परंतु ‘मग अग्नि कोणाला द्यावयाचा?’ या सौभाग्यवतींच्या प्रश्नापुढें आमची लेखणी थबकली आहे.