वन्सं, तुम्ही बसा

भेटायला आलेलं माणूस दारातूनच विचारतं, "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" प्रेमानंच विचारतं. पण त्या क्षणी आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीसारखी ती माझ्याकडे बघते, भिंतीकडे बघते, पदर चाचपते. आता मी पाहुण्यांना जिन्यातच सांगून ठेवते: आधी आपलं नाव, मग नातं, मग तिच्या शेजारी बसायचं, समोर उभं राहायचं नाही.

*

1901 साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर नावाच्या 51 वर्षांच्या बाईंना नाव विचारलं. ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? मला वाटतं, ऑगस्टे. डॉक्टरांनी हे सगळं टिपून ठेवलं, आणि पुढे त्या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. हाताशी उरलेली एकच गोष्ट त्या बाई प्रत्येक प्रश्नाला पुढे करत होत्या. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

*

"आबा आले का न्यायला?" दिवेलागणीला हा प्रश्न ठरलेला. आबा म्हणजे तिचे वडील, आणि न्यायचं ते वाईला, माहेरी. सुरुवातीला मी खरं तेच सांगायचे: आबा जाऊन चाळीस वर्षं झाली. ती हंबरडा फोडायची. अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तसंच रडणं. एका संध्याकाळी मी तिला तिच्या वडिलांच्या मरणाची बातमी तीनदा दिली.

या आजारात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो. नवी गोष्ट साठवायचं काम त्याचं. म्हणजे ती रडत होती ते दर वेळी पहिल्यांदाच. हे कळल्यावर मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

मग खोटं सांगायचं? "येतायत, वाटेत आहेत"? तेही करून पाहिलं. ती दाराशी जाऊन बसली आणि उठेना.

*

नेओमी फील यांच्याबद्दल वाचलं. वडील क्लीव्हलंडच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, त्यामुळे मुलगी म्हाताऱ्या माणसांतच वाढली. त्यांनी आयुष्यभर शिकवलं ते असं: समोरच्याला ओढून आजच्या तारखेवर आणायचं नाही. तो जे म्हणतो त्याच्या खाली काय दुखतंय ते ऐकायचं.

आता "आबा आले का?" म्हटलं की मी विचारते, "आबांची वाट बघतेयस? येताना काय आणायचे गं ते?" कंदी पेढे. मग ढोल्या गणपतीचा घाट निघतो, नदीचं पाणी, ओला परकर, आजीचा ओरडा. हे खरंही नाही आणि खोटंही नाही. दाराकडे बघणं मात्र थांबतं.

*

टीव्ही बंद. चष्मा पुसून डोळ्यांवर. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आणि थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. मी दुसरा प्रश्न टाकायचे तेव्हा पहिल्याचं उत्तर तिच्या ओठांवर आलेलं असायचं, ते तिथेच विरायचं.

*

"म्हातारचळ लागलाय." जिन्यात ऐकू आलं. साठी बुद्धी नाठी हेही आपण सहज म्हणून जातो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानं आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. इतक्या घरांत हा शब्द कुणाच्या तरी कानावर पडत असणार. आई ऐकते. समजतं किती ते सोडा, आवाजातला सूर तिला पुरता समजतो.

*

एकदा रात्री तीन वाजता मी ओरडले. चौथ्यांदा कपाट उपसलं होतं तिनं. सकाळी तिला काही आठवत नव्हतं, पण मी जवळ गेले की ती अंग चोरत होती. दुपारपर्यंत.

2014 साली आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या 17 रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांतले प्रसंग दाखवले होते. काय पाहिलं ते थोड्याच वेळात त्यांना नीट सांगता येईना, पण मनावर आलेला भार किंवा उभारी मात्र टिकून राहिली. ते वाचताना मला तिचं ते अंग चोरणं दिसत होतं.

*

सांभाळायला येणाऱ्या मावशींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आंघोळीला आई नाही म्हणाली की त्या "बरं आजी" म्हणतात आणि जातात. दहा मिनिटांनी वाटीत कोमट तेल घेऊन येतात, आधी फक्त हाताला लावतात. मग पायाला. न्हाणीघर कधी आलं ते आईला कळतही नाही.

*

'अस्तु' हा चित्रपट पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताच्या बायकोजवळ पोचतात. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष. ती कानडी बोलणारी, ग्रंथांशी तिचा संबंध नाही, पण त्यांना काय हवंय ते तिला कळतं. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला पंडितजी पूर्वी कोण होते ते ठाऊकच नव्हतं. मला मात्र माझी आधीची आई पदोपदी आठवते, आणि मी तिला तिच्याशीच ताडून बघते. हे थांबवायला हवं.

*

मराठीचे उपकार आहेत माझ्यावर. आई कोणत्या सालात आहे ते तिच्या संबोधनावरून ओळखता येतं. "अगं" म्हणाली तर मी मुलगी. "अक्का" म्हणाली तर ती परकरातली आणि मी तिची थोरली बहीण. "तुम्ही" म्हणाली तर ती नवी सून आहे आणि घरात जपून वावरतेय. तिनं जी हाक मारली तिला मी ओ देते. पहिल्यांदा फार तुटलं आत.

*

काल संध्याकाळी वाती वळत बसली होती. बोटं अजून चुकत नाहीत. मी कापूस पुढे सरकवला तर हात धरला माझा. "वन्सं, तुम्ही बसा. दमलात. मी करते ना."

मी बसले. तिनं चाळीस वाती वळल्या, मी मोजत होते.