डोंगरी सायकल

पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकानें सायकल विकत घ्यावी यांत विशेष कांहीं नाहीं. पण ती ‘माउंटन बाईक’ असावी, हें आमच्या शेजाऱ्यांना थोडें अतिरेकाचें वाटलें. खरें सांगावयाचें तर दुकानाकडे जातांना मलाहि तसेंच वाटत होतें. परंतु पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगा असलेली, जाड खरबरीत टायरांची ती काळीभोर मूर्ति दृष्टीस पडली आणि माझा विवेक दुकानाच्या पायरीवरच राहिला. सोळा हजार रुपये मोजून मी तिला घरीं घेऊन आलों.

साताऱ्यांत तिनें माझी लाज राखली. यवतेश्वराचा घाट मी तिच्यावर बसून चढलों, आणि श्रेय सारें गिअरांचें. माझ्या वडिलांच्या सायकलीला पुढें 44 दात्यांचें चक्र असे व मागें 18 दात्यांचें. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरे. सपाटीवर हें ठीक. घाट लागला कीं वडील उतरून ती ढकलीत. माझ्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरांत पुढें 24 व मागें 28 दाते येतात. पायडलाचा फेरा पुरा झाला तरी चाकाचा होत नाहीं. मनुष्य गोगलगाईच्या वेगानें जातो, पण न उतरतां जातो.

यश अंगीं भिनलें म्हणजे माणूस सल्ले देऊं लागतो. माझी धाकटी बहीण सांगलीस असते. तिचा मुलगा नुकताच अकरावीला गेला. घर हरिपूरच्या बाजूला, कॉलेज विश्रामबागेंत. “दादा, तुझ्यासारखीच घेऊं का रे त्याला?” तिनें फोनवर विचारलें. सोळा हजार म्हणजे त्या घरांतली किती महिन्यांची काटकसर, हें मला ठाऊक होतें. तरी “डोळे मिटून घे” असें मीं सांगून टाकलें. मग रात्रीं झोंप येईना. अखेर श्रावणांत ओळखीच्या एका टेंपोंत सायकल घालून सांगली गांठली आणि भाच्याला ती आठ दिवस चालवावयास दिली.

सांगली पडली सपाट. एकवीस गिअरांपैकीं त्याला दोन-तीनच लागले. मडगार्ड नसल्यामुळें कृष्णाकाठच्या काळ्या चिखलाचा पट्टा रोज त्याच्या सदऱ्यावर पाठीमागून मानेपर्यंत उमटे. कॅरिअर नाहीं, म्हणून दळण आणावयास तो पायींच जाई. डिस्क ब्रेकची मात्र मी स्तुतीच करीन. भर पावसांत, रिम ओली असतांनाहि, ते चोख लागत.

राहिल्या स्प्रिंगा. स्वस्त चिमट्यांत स्प्रिंग असते, पण तिची उसळी आवरणारें असें फारसें कांहीं नसतें. उभें राहून जोर लावला कीं त्यांतला कांहीं भाग तिला दाबण्यांतच खर्च होतो, आणि वजन वाढतें तें निराळेंच. साध्या खड्ड्यांचे धक्के जाड टायरच, हवा थोडी कमी ठेवली तर, पुष्कळसे गिळतो. या जातीच्या सायकलीचे जनक म्हणजे 1970 नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतल्या मरीन परगण्यांत डोंगर उतरणारे तरुण. त्यांच्या सायकलींना स्प्रिंगा नव्हत्याच! त्या रूढ झाल्या 1990 नंतर. हें मला साताऱ्यांत कळलें नव्हतें असें नाहीं. कळून घ्यावयाचें नव्हतें.

आठव्या दिवशीं मीं बहिणीपुढें माझा सल्ला परत घेतला. साधा चिमटा, सहा-सात गिअर, मडगार्ड आणि कॅरिअर : निम्म्या किंमतींत काम भागेल, म्हटलें. भाचा खालीं मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “मामा, मग तुम्ही ही का घेतलीत?”

तीस वर्षें वर्गांत प्रश्नांचीं उत्तरें देत आलों आहें. या एका प्रश्नाला मीं चहाचा पेला पुढें ओढला. बहीण तोंडाला पदर लावून आंत गेली.

पंधरवड्यानें तिचा फोन आला. साध्या चिमट्याची सायकल घेतली. दळण आतां तोच आणतो. रंग मात्र हट्टानें काळाच निवडला.