पहिली पसंती

४ मे २०२५, रविवार

नीट झाली. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण. जीवशास्त्र बरं गेलं, भौतिकशास्त्राने मात्र घाम काढला. बाहेर पडणाऱ्या बहुतेकांचे चेहरे उतरलेले होते.

फाटकाशी एका मुलीच्या आईने विचारलं, "एमबीबीएस की बीडीएस?" मी म्हटलं, "बीव्हीएससी. गुरांची डॉक्टर." त्या क्षणभर थांबल्या आणि मायेनेच म्हणाल्या, "असू दे गं, पुढच्या वर्षी परत बस."

ही माझी पहिली पसंती आहे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. घरी आले आणि कपडे न बदलता गोठ्यात गेले. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती.

११ मे, रविवार

आज आजीने हिराचा विषय काढला. दोन वर्षं आम्ही घरात तो टाळतो.

श्रावणातली रात्र होती, पाऊस कोसळत होता. हिराचं चौथं वेत. संध्याकाळपासून ती उठबस करत होती, शेपूट उचलत होती, पण पाणमोट काही दिसेना. आजी म्हणाली, "कळा आहेत, पण वाट उघडत नाही. आत काहीतरी अडलंय." बाबा फोन लावत राहिले. कोणी बाहेरगावी, कोणाकडे दुसरी अडलेली म्हैस. डॉक्टर आले ते सकाळी साडेसातला. त्यांनी हात घालून पाहिलं आणि सांगितलं, गर्भाशयाला पीळ पडलाय, पारडू आत गेलंय. दुपारी हिराही गेली.

मला त्या डॉक्टरांचा राग नाही. रात्रभर ते दुसऱ्या कोणाच्या तरी गोठ्यात उभे होते. एका माणसाने किती गोठे गाठायचे? २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल १ कोटी ३९ लाखांच्या आसपास, म्हशी ५६ लाख, शेळ्या १ कोटीच्या वर मोजल्या गेल्या. आमची हिरा त्या ५६ लाखांतली एक. माझं ठरलं ते त्या दुपारी. तोवर मी दहावीनंतर कॉमर्स म्हणत होते.

२६ मे, सोमवार

मे संपायच्या आत पाऊस आला. अंगणातला पेंढा भिजला. दिवसभर तो उलथवत बसलो.

१४ जून, शनिवार

निकाल लागला. गुण इथे लिहीत नाही. एमबीबीएसच्या सरकारी जागेला पुरणार नाहीत, पशुवैद्यकाच्या यादीत मात्र आशा आहे.

दिवसभर फोन. "हरकत नाही, वेटर्नरी तरी मिळेल." हे 'तरी' मला फार लागतं. साडेपाच वर्षांचं शिक्षण, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण आंतरवासितेचं. आणि रोगी असा की कुठे दुखतं ते सांगणार नाही. एकाच आठवड्यात गाय, शेळी, कोंबडी, कुत्रं आणि घोडा हाताखालून जाणार. तरी लोकांना हे उरलंसुरलं वाटतं. 'तरी' म्हणत आलेली मुलं पुढे रात्री दोनला गोठ्यात उभी राहतील का, हा प्रश्न मला खरंच पडतो.

२२ जून, रविवार

बाबांच्या ओळखीच्या तबेल्यात म्हैस अडली होती. हिरासारखीच. या वेळी डॉक्टर वेळेवर पोचले होते. बाबांनी मला मुद्दाम सोबत नेलं.

डॉक्टरांनी आधी हात घालून पिळाची बाजू ओळखली. उजवी. म्हशीला त्याच बाजूवर आडवं पाडलं. पुढचे दोन पाय एका दोराने बांधले, मागचे दोन दुसऱ्याने. मग नऊ-दहा फुटांची फळी मागवली. तिचं एक टोक जमिनीवर, मधला भाग पोटावर. फळीवर एक गडी तोल सांभाळत उभा राहिला आणि बाकीच्यांनी दोर ओढून म्हशीला हळूहळू लोळवलं. पिळाच्या उलट नव्हे, पिळाच्याच दिशेने. मला हे उमगेना. डॉक्टर म्हणाले, "फळीने पोट दाबलं की आतलं पारडू जागच्या जागी राहतं. पिशवी थांबते आणि म्हशीचं अंग फिरून तिला गाठतं. मग पीळ सुटतो."

दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी पुन्हा हात घातला आणि मान हलवली. तिसऱ्या फेरीला पाणी आलं. थोड्या वेळाने दोन खूर दिसले. पारडी जिवंत होती.

एक फळी, दोन दोर, सहा माणसं आणि पीळ कुठल्या बाजूला आहे हे ओळखणारा एक हात. हिराच्या वेळी फळी होती, दोर होते, माणसंही होती.

५ जुलै, शनिवार

नालासोपाऱ्याहून प्रभादेवी, तिथून चालत परळ. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. जुनी झाडं, ओळीने बसलेली माणसं. कोणाच्या मांडीवर मांजर, कोणाच्या कुशीत थरथरणारं कुत्रं. एका आजोबांनी पोपट पिंजऱ्यासकट आणला होता. त्यांची काळजी आमच्यापेक्षा कमी नव्हती. पण तासाभरात मला एकही म्हैस दिसली नाही.

बाबा मात्र खूश. "लोकलने जाऊन-येऊन करशील. घरचं जेवशील."

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आजीचा उपास. वऱ्याचे तांदूळ खाता खाता ती बुळकांडीच्या गोष्टी सांगत होती. तिच्या लहानपणी ती साथ एका आळीत शिरली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. मी तिला सांगितलं की २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पुसून टाकलेला हा दुसराच रोग. "कोणी संपवली?" तिने विचारलं. मी म्हटलं, लस शोधणाऱ्यांनी आणि ती घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांनी. तिने ताटातला हात जोडला.

रात्री बाबांशी बोलले. राहाता तालुक्यात सावळी विहीर इथे आणि अकोल्यात नव्या पदवी महाविद्यालयांना राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली, ते त्यांनीही वाचलं होतं. मी म्हटलं, मला तसल्या ठिकाणी शिकायचंय. अहिल्यानगर म्हणजे दुधाचा जिल्हा. वर्गाबाहेर पडलं की गोठा.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी जे विचारलं ते रास्त होतं. "नव्या कॉलेजात शिकवायला माणसं आहेत का? दवाखान्यात रोज जनावरं येतात का? परळला सव्वाशे वर्षांहून जास्त अनुभव आहे."

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. कॉलेज गावात बांधलं म्हणून ते गावाचं होत नाही. त्याचा दवाखाना रात्री उघडा हवा, विद्यार्थी गाडीत बसून वाड्या-वस्त्यांवर जायला हवेत, शिक्षकांची पदं भरलेली हवीत. नवी इमारत आणि रिकाम्या खुर्च्या एवढंच असेल तर बाबांचं बरोबर. पण उदगीर १९८७ चं, शिरवळ १९८८ चं. तीही कधीतरी नवीच होती ना? उदगीरच्या भोवती तर देवणी गाईंचा मुलूख आहे. पहिल्या तुकड्यांतल्या मुलांच्या घरीही असंच बोलणं झालं असेल.

१९ जुलै, शनिवार

वसईला कागदपत्रांसाठी. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, बारावीच्या गुणपत्रिकेच्या प्रती. तीन तास रांग. पुढच्या मुलाने विचारलं, "कशासाठी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे शेळ्या आहेत. तू परत येशील का इकडे?"

मी हो म्हटलं. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२७ जुलै, रविवार

राज्याच्या जागा नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून भरल्या जातात. पसंतीक्रम देताना घाई होऊ नये म्हणून आजच वहीत लिहिला: सावळी विहीर, यादीत असेल तर. मग उदगीर, परभणी, शिरवळ, अकोला, नागपूर. शेवटी परळ.

बाबांनी वही वाचली. क्रम बदल म्हणाले नाहीत. "उदगीरला गाडी कुठून सुटते?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी ते आंब्याच्या जुन्या लाकडाची फळी रंधून घेऊन आले. दहा फूट लांब, कडा गोल केलेल्या, म्हशीला टोचू नयेत म्हणून. गोठ्याच्या आढ्याला दोन दोरांनी टांगली. आमची म्हैस राणी पुढच्या महिन्यात व्यायची आहे.