टोपीतली लाख

माणसाच्या केसांच्या गोफाने विणलेल्या जुन्या साखळीत गोफ सहसा बिघडत नाही, बिघडते ती टोपी. दीडशे वर्षांचं विणकाम मधे ठणठणीत असतं आणि सोन्याच्या टोपीच्या कडेशी, जिथे केसांची टोकं लाखेने बसवलेली असतात, तिथे एकेक केस तुटत जातो. माझी सगळी कारागिरी त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये खर्ची पडली.

दोष हवेचा. केस भिजला की जाडीने चौदा-पंधरा टक्के फुगतो, लांबीने मात्र जेमतेम दोन टक्के वाढतो. तेवढ्या दोन टक्क्यांवर जिनिव्हाच्या सोस्यूरने केसाचा आर्द्रतामापक उभा केला, त्यावर 1783 मध्ये ग्रंथही लिहिला. आमच्या भिलाईत जुलैत गोफ टोपीत फुगून अडकतो, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत सुकून कडक होतो आणि सोन्याची कड त्याला करवतीसारखी कापत राहते.

त्यात लाख. ताजी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, जुनी दाद देत नाही. तापवून काढावी तर केस करपण्याची भीती. भिजवावं तर विणकऱ्याने गोफ उकळून, सुकवून जो आकार बसवला तो ढिला पडतो. उरते सुई. भिंगाखाली कण कण सुटा करायचा, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. इथल्या पळसा-कुसुमावरची लाख पूर्वीपासून परदेशी जाते, तेव्हा विलायतेहून आलेल्या या टोप्यांत आपल्याच जंगलातली लाख असेल, असं मानायला मला आवडतं. पुरावा काही नाही.

माझ्याकडे हे डाग, म्हणजे केसांचे दागिने, कामठी छावणीकडून येतात, नाहीतर बिलासपूरच्या जुन्या रेल्वेवाल्या घरांतून. 1861 मध्ये नवरा अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने त्याचे केस लॉकेटात घालून जन्मभर वापरले आणि गेलेल्याचे केस दागिन्यात जपण्याच्या आधीच असलेल्या रिवाजाला भलताच जोर आला. स्वीडनमधल्या वोमहूस गावच्या बायका तर केस विणण्याची कला घेऊन युरोपभर पोटासाठी फिरल्या. आमच्याकडे त्याच काळात उलटं चाललं होतं. तिकडची विधवा नवऱ्याचे केस गळ्यात घालायची, इकडे नवरा गेला की बाईचेच केस उतरवायचे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचं नाकारलं, तरी माझी पणजी पुढे कित्येक वर्षांनी आलवणातच गेली. तिचा एक केसही घरात नाही. कुणा मडमेच्या नवऱ्याची बट मात्र माझ्या कपाटात कापरासारखी जपलेली असते. शेजारणी म्हणतात, मेलेल्याचे केस घरात कशाला? त्यांना काय सांगणार!

बाजाराबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. हल्लीचे सोनार असा डाग सरळ अल्ट्रासॉनिक मशीनच्या पाण्यात सोडतात. तुटला की थेंबभर झटपट गोंद. तो गोंद केसात चढतो, काचेसारखा कडक होतो आणि पुढच्या कारागिराला काही करायला जागाच ठेवत नाही. व्यापारी तर घोड्याच्या केसांचा डाग ‘राणीच्या काळातला’ म्हणून विकतात. लबाडी जुनीच आहे म्हणा. गिऱ्हाइकाने दिलेले केस बदलून भलत्याचेच विणून देतात, असा संशय तेव्हाही होता. मार्क कॅम्पबेलने 1867 मध्ये घरच्या घरी केस विणायला शिकवणारं पुस्तक काढलं, त्यामागे हीही भीती होती.

माझी ऐट वेगळी. तुटलेल्या केसांच्या जागी मी त्याच रंगाचं रेशीम असं बेमालूम बांधायचे की मालकिणीलाही जोड सापडू नये. ती साखळी बोटांवरून फिरवून शोधत राहायची आणि मी समोर गप्प बसून ते सुख घ्यायचे. नागपूर ते कलकत्ता हे काम दुसरं कुणी करत नाही, असंही सांगायचे. खरंखोटं कधी तपासलं नाही.

आता उजवा अंगठा थरथरतो. दुर्गच्या पटव्याची, म्हणजे दागिने रेशमात गुंफणाऱ्याची, मुलगी हाताखाली आहे. घरच्या सवयीप्रमाणे ती रेशमाचा फास पायाच्या अंगठ्याला अडकवते, दोरा ताणते आणि टोपीच्या तोंडाशी अशी गाठ मारते की ती कडेच्या आतच बसते, सोन्याला केस घासतच नाही. पटव्यांच्या घरात पोराटोरांना येणारी ती गाठ मला इतकी वर्षं सुचली नव्हती, याचा राग अजून आहे. शिवाय ती मुद्दाम एक छटा फिकट रेशीम घेते. मी हटकलं तर म्हणाली, “काकी, जोड़ा है तो दिखना चाहिए न.” तिचं बरोबर आहे. पुढे साखळी ज्याच्या हाती येईल त्याला जुनं कुठे संपलं हे कळायला हवं. मला ते पटलंय, आवडलेलं नाही. कामठीची शेवटची साखळी तिच्याच फिकट गाठीसह परत गेली, पावतीवर सही तिची.

तुमच्या घरी असा एखादा डाग निघाला तर त्याला पाणी लावू नका, उन्हात ठेवू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि पावसाळ्यानंतर कसर लागली नाही ना, एवढं पाहा. सोनार ‘मशीनमध्ये टाकून देतो’ म्हणाला तर डाग उचला आणि घरी या.